ताकावरचं सर्टिफिकेट

नलिनीअक्कांच्या ताकाच्या भांड्यावर झाकण म्हणून अमेरिकेतल्या एका बड्या विद्यापीठाचं सर्टिफिकेट असायचं. चांगलं जाड, लॅमिनेशन केलेलं, वर सोनेरी शिक्का, खाली दोन सह्या. भांडं स्टीलचं आणि लहान. सर्टिफिकेट त्याच्यावर चारी बाजूंनी ऐसपैस पसरलेलं. नोकरीच्या पहिल्याच दिवशी मी हे पाहिलं आणि मला वाटलं, कुणीतरी चुकून ठेवलंय. मी ते उचललं, खिशातल्या रुमालानं पुसलं आणि फायलींच्या कपाटावर उभं करून ठेवलं.

"कोण रे तू?" मागून आवाज आला.

"मी पाटील. नवीन लागलोय. खानापूरचा."

"ताकात माशी पडली तर काढायला ते विद्यापीठ येणार काय, खानापूर? ठेव तिथं परत."

मी ठेवलं. त्या दिवसापासून मी खानापूर झालो. अक्का माणसांना गावाच्या नावानं हाक मारत. आमच्या फर्मचे मालक प्रशांत सर पुण्याचे, म्हणून त्यांच्यामागे ते 'पुणे'. "पुणे आलं काय रे?" असं त्या विचारत तेव्हा नव्या माणसाला वाटायचं, बाई रेल्वेची चौकशी करतायत.

आमचं ऑफिस बेंगळुरात बनशंकरीला, एका दर्शिनीच्या वर. खाली उभ्यानं इडली-वडा खाणारी गर्दी, वर परदेशी कॉलेजांत जायला निघालेली अकरावी-बारावीची मुलं. त्यांचे अर्ज भरायचे, निबंध घासूनपुसून घ्यायचे, शिफारसपत्रं गोळा करायची, हा आमचा धंदा. मी मार्कलिस्ट स्कॅन करायचो आणि फॉर्म भरायचो. अक्का निबंध पाहायच्या. चामराजपेटेतल्या मुलींच्या शाळेत तीस वर्षं फिजिक्स शिकवून त्या निवृत्त झाल्या होत्या. घराणं कितीतरी पिढ्या बेंगळुरातलं. "आमची मराठी इथल्या नळाचं पाणी पिऊन वाढली, तिला हसायचं नाही," असं त्या पहिल्याच भेटीत बजावून टाकत. सुती साडी, मनगटावर पुरुषी घड्याळ, खांद्याला कापडी पिशवी आणि पिशवीत ते ताक.

झाकणाबद्दल मला आठवडाभर वाईट वाटत होतं. शेवटी जेवणाच्या सुट्टीत मी म्हणालो, "अक्का, रागावू नका. पण आमच्या घरातला पहिला पदवीधर मी. माझे वडील कौलांच्या कारखान्यात साच्यावर असतात. माझी पदवी त्यांनी फ्रेम करून देवाशेजारी लावलीय. खंडेनवमीला साच्याला हळदकुंकू लावतात तेव्हा तिलाही लावतात. सर्टिफिकेट असं ताकावर बघवत नाही मला."

मला वाटलं, आता काहीतरी टोला येणार. अक्कांनी हातातला घास खाली ठेवला.

"तुझं वेगळं, खानापूर. ते तू मिळवलेलं आहे. ह्याच्यावर पोराचं फक्त नाव आहे."

मग ताक ओतून घेतलं, दोन घोट प्याल्या, आणि झाकण पुन्हा जागेवर.

ते नाव अर्णवचं होतं. अर्णव आमचाच विद्यार्थी. दहावीनंतरच्या सुट्टीत तीन आठवडे त्या विद्यापीठात जाऊन आला होता. नेतृत्व आणि नवनिर्मिती असा काहीतरी विषय होता. हल्ली मोठमोठी विद्यापीठं उन्हाळ्यात आपले रिकामे वर्ग आणि रिकाम्या खोल्या शाळकरी मुलांसाठी उघडतात. त्याला सगळे समर प्रोग्राम म्हणतात, आणि तो अर्जावर दिसला की प्रवेश सोपा होतो असा आईवडिलांचा विश्वास असतो. अर्णव सर्टिफिकेटच्या दोन प्रती घेऊन आला, एक अक्कांना दाखवायला दिली आणि परत न्यायला विसरला. अक्का अशा मुलांना आठवड्यांत मोजत. "तो दोन आठवडे आला काय?" "ह्या सहा आठवड्यांना सांग, निबंध स्वल्प आखूड कर."

निबंधात 'पॅशन' हा शब्द सापडला की त्या मुलानं खालून सगळ्यांसाठी वडा आणायचा, असा त्यांचा नियम होता. नोव्हेंबरात, अर्जांच्या ऐन हंगामात, आम्ही कुणीच घरून नाश्ता करून येत नसू.

पण त्यांचा खरा नियम आजीचा. कुठलाही निबंध इंग्रजीत लिहिण्याआधी मुलानं तो घरच्या भाषेत आपल्या आजीला फोनवर सांगायचा, अक्कांच्या समोर, स्पीकर लावून. आजीला कळला तर लिहायचा. आजी कंटाळली, मधेच "जेवलास काय रे?" असं विचारलं, तर निबंध रद्द. "आजी जेवणावर आली म्हणजे संपलं," अक्का म्हणत. "तिकडं जो अर्ज वाचतो तोही दिवसाला ढीगभर वाचतो. त्याला पण भूक लागते की."

एका मुलाला आजीच नव्हती. अक्का म्हणाल्या, "खानापूर, तुझी आई घरी असेल ना? लाव फोन." मुलगा कानडी बोलणारा. आमच्या भागात दोन्ही भाषा चालतात, आईला काही अडचण नव्हती. तिनं बिचारीनं चुलीवरचं खाली उतरवून नेतृत्वाच्या दोन आठवड्यांची हकीकत ऐकली आणि कानडीत विचारलं, "मग आता तू पुढारी झालास काय, बाळा?"

अक्कांनी फोनला हात जोडले. "बघ, तुझी आई ऑक्सफर्डला असायला पाहिजे होती," मला म्हणाल्या. माझी आई चौथी शिकलेली. त्या रात्री मी तिला हे सांगितलं तर ती म्हणाली, "ते कुठल्या तालुक्यात येतं?"

अर्णवनंही आपली गोष्ट धारवाडच्या आजीला सांगितली. तीन आठवडे, सगळे, एकेक. बारा मिनिटं झाली. पलीकडून एक शब्द नाही. जेवणाचं नाव नाही. अक्का टेबलावर कोपर टेकून पुढं झुकल्या. पंधराव्या मिनिटाला त्यांनी फोन कापला आणि मला म्हणाल्या, "एकदाही मधे बोलली नाही रे म्हातारी. आपल्याला कंटाळा आला, पण तिला धरून ठेवलं पोरानं. दम आहे ह्यात कुठंतरी. लिहू दे." अक्कांनी समर प्रोग्रामवरचा निबंध पास केल्याचं मी पाहिलेलं ते पहिलंच उदाहरण.

गार्गी जोशीची गोष्ट त्याच वर्षाची.

शनिवारी पालकांसाठी सभा असायची. प्रशांत सर पडद्यावर हिरवळी, लाल विटांच्या इमारती आणि हसरी मुलं दाखवायचे. अशाच एका सभेत मागच्या रांगेतून एक गृहस्थ उभे राहिले. सरकारी कारखान्यात इंजिनियर, मूळचे नाशिककडचे, पंचवीस वर्षं इथं क्वार्टर्समध्ये. शेजारी मुलगी, मान खाली.

"मी जोशी. एकच विचारायचं आहे. मुलगी हुशार आहे, पण पूर्ण स्कॉलरशिप मिळाली तरच तिला बाहेर पाठवता येईल, नाहीतर नाही. समर प्रोग्रामला गेली तर चान्स वाढतो का? वाढत असेल तर सिन्नरला माझा एक प्लॉट आहे. तो विकायला काढतो."

"डेफिनिटली सर," प्रशांत सर म्हणाले, "प्रोफाइलमध्ये एक ग्लोबल एक्स्पोजर दिसतं, आणि..."

"साहेब," कोपऱ्यातून अक्का म्हणाल्या, "समर प्रोग्राम दोन तऱ्हेचे असतात. एकात पोरगं निवडतात. दुसऱ्यात बाप निवडतात. पहिल्यात जागा मूठभर, फी नाहीच म्हणा, आणि आत जायलाच परीक्षा. तिथं नंबर लागला तर डोळे मिटून पाठवा, त्याला वजन आहे. दुसऱ्याचं माहितीपत्रक फार सुंदर असतं. आत्ता पडद्यावर आहे ते दुसरं."

सभेत कुणीतरी हसलं. जोशी हसले नाहीत.

"म्हणजे दुसऱ्याचा उपयोग नाही?"

"पोराला असेल की. नवा गाव बघेल, स्वतःचे कपडे धुवेल. अर्जाला नाही. अर्ज वाचणाऱ्याला ठाऊक असतं, हे विकत मिळतं. प्लॉट राहू दे. मुलगी माझ्याकडं द्या उन्हाळाभर."

सभा संपल्यावर प्रशांत सर केबिनबाहेर आले. "अक्का, प्लीज. पेरेंट्ससमोर असं नका ना बोलू. त्या लोकांशी आपलं टाय-अप आहे."

"टाय-अप तुझं रे. माझं नुसतं ताक आहे."

सर माणूस वाईट नव्हते. ते कपाळावर हात मारून हसले. पण जाता जाता म्हणाले, "ह्या मुलीला स्कॉलरशिप नाही मिळाली ना, तर जोशी तुम्हाला विचारतील, मला नाही." अक्कांनी ऐकलं नसल्यासारखं केलं. ऐकलं होतं.

शहराच्या दुसऱ्या टोकाला, पीण्या नावाच्या औद्योगिक वसाहतीत अक्कांची एक जुनी विद्यार्थिनी, मंजुळा, लेथचं वर्कशॉप चालवत होती. स्टीलच्या बुशी, म्हणजे यंत्रात बसणाऱ्या छोट्या नळ्या, तिथं कातून काढत. अक्कांनी गार्गीला तिथं नेऊन सोडलं. काम काय? "काही नाही. बघ. आणि जे समजणार नाही ते विचार."

गार्गी पहिले पंधरा दिवस रडकुंडीला आलेली. संध्याकाळी ऑफिसात यायची, हाताला कूलंटचा, लेथवर सोडतात त्या तेलकट पाण्याचा, वास. मोबाईलवर तिच्या मैत्रिणी हिरवळीवर उड्या मारत असायच्या. "अक्का, ह्या सगळ्या स्टॅनफर्डच्या टोप्या घालून फिरतायत, आणि मी काय लिहू? की मला तिथल्या लेथवाल्या अण्णांनी बसायला स्टूल दिलं?"

"कसलं स्टूल? तीन पायांचं की चार?"

"अक्का!"

"बघितलं नाहीस ना? मग स्टॅनफर्डला जाऊन तरी काय बघणार होतीस?"

तिसऱ्या आठवड्यात मुलगी बोट भाजून आली. दुपारी मापं घ्यायला मदत करत होती, ताजी उतरलेली बुश हातात घेतली. पण भाजल्याचं तिला काहीच नव्हतं, तिच्या डोक्यात वेगळंच घुसलं होतं. सकाळचा माल कधी परत येत नाही. गिऱ्हाइकाकडून परत येतो तो दुपारचा. सकाळी माल ट्रेमध्ये पडून गार होतो, मग मोजतात. दुपारी चारला टेम्पो येतो, म्हणून मशीनवरून उतरला की गरमागरम मोजतात आणि भरतात. गरम लोखंड फुगलेलं असतं. माप बरोबर येतं, आणि गिऱ्हाइकाकडे पोचेपर्यंत बुश आकसून लहान.

"हे तू त्यांना सांगितलंस?" अक्कांनी विचारलं.

"सांगितलं. ते म्हणाले, आम्हाला माहीत आहे. सगळ्यांनाच माहीत आहे, अक्का! अण्णा म्हणाले, काय करणार, चारला टेम्पो असतो."

"मग?"

"चहा टेम्पो गेल्यावर येतो, सव्वाचारला. मी विचारलं, साडेतीनला आणला तर? सगळे चहा पितील तेवढ्यात माल गार होईल. मग मोजा. मंजुळाअक्का म्हणाल्या, बघू."

आठवडाभर ही मुलगी रोज कँटीनवाल्याच्या मागे लागली. शेवटी चहा साडेतीनला यायला लागला. माल परत येणं जवळजवळ थांबलं. एवढंच.

तिनं ही गोष्ट सिन्नरच्या आजीला फोनवर सांगितली. आजी चार वेळा मधे बोलली. बुश म्हणजे काय, कँटीनवाला ऐकत का नव्हता, बोट बरं झालं का. आणि शेवटी म्हणाली, "म्हणजे तू चहा पाऊण तास अलीकडं ओढलास. चहावाल्याला काही त्रास नाही ना झाला त्याचा?"

गार्गीनं तोच प्रश्न निबंधाच्या शेवटी लिहिला, आणि त्याचं उत्तर: झाला, त्याला दुपारची झोप सोडावी लागली. प्रशांत सरांनी वाचून विचारलं, "ह्याला 'प्रोसेस ऑप्टिमायझेशन' म्हणूया का?" अक्का म्हणाल्या, "म्हण. आणि खालून वडे आण."

मार्चच्या शेवटी निकाल यायला लागले. अक्कांचं चेष्टा करणं कमी झालं, हे मला सगळ्यांत आधी जाणवलं. त्या मेल उघडायला सांगायच्या आणि स्वतः खिडकीकडे तोंड करून उभ्या राहायच्या. गार्गीनं नऊ ठिकाणी अर्ज केले होते. एकामागून एक सात नकार आले. आठवं तिचं सगळ्यांत आवडतं विद्यापीठ. तिथंही नकार. त्याच दिवशी, त्याच विद्यापीठात अर्णवला प्रवेश मिळाला. त्याच, ज्याचं सर्टिफिकेट ताकावर होतं.

प्रशांत सरांनी फक्त अर्णवचा फोटो जाहिरातीत छापायला दिला.

दोन दिवसांनी अर्णवची आजी पेढे घेऊन ऑफिसात आली. नऊवारीतली, ठणठणीत. मी खुर्ची पुढं केली आणि माझी नजर ताकाकडं गेली. झाकण जागेवर, सोनेरी शिक्का चकाकतोय, नातवाचं नाव ठळक. आजींनी चष्मा सारून ते वाचलं.

"अर्णवचं ना हे?"

"हो," अक्का म्हणाल्या. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांचा आवाज बारीक झाला असावा.

"बरं बसलंय की. आमच्याकडं दुसरं आहे, सुनेनं फ्रेम केलंय. नुसतं भिंतीवर धूळ खातंय." मग पेढा अक्कांच्या हातात ठेवत म्हणाल्या, "एक सांगायचं राहिलं होतं, बाई. तेव्हा तुम्ही फोनवर होता ना, तो बोलत होता ते मी काही ऐकलं नाही. दोन मिनिटं ऐकलं, मग फोन लोणच्याच्या बरणीपाशी ठेवला आणि पूजेला बसले. परत आले तर फोन बंद. मुलाचं मन मोडू नये म्हणून सांगितलं नाही."

अक्का क्षणभर बघत राहिल्या आणि मग जे हसायला लागल्या ते थांबेनात. डोळ्यांतून पाणी. "अय्यो, खानापूर," त्या मला म्हणाल्या, "पोराचा निबंध लोणच्यानं पास केला रे!"

आजी गेल्यावर मात्र हसू एकदम संपलं. जिना चढून जोशी आले होते. बहुधा बाहेर थांबून आजी जायची वाट बघत होते. ते बसले नाहीत.

"अक्का, राग नाही. पण मनातून जात नाही म्हणून विचारतो. मी प्लॉट काढून पाठवलं असतं, तर?"

अक्कांकडे प्रत्येक प्रश्नाला उत्तर असे, आणि ते तिखट असे. मी वाट बघत होतो. त्यांनी घड्याळ मनगटावर फिरवलं.

"माहीत नाही, साहेब," त्या म्हणाल्या. "मी सभेत खात्रीनं बोलले. तेवढी खात्री मला नव्हती. कुणालाच नसते."

जोशींनी मान हलवली आणि गेले. अक्का त्या दिवशी ताक न पिताच घरी गेल्या. भांडं तसंच टेबलावर राहिलं. दुसऱ्या दिवशी मी ते घासून ठेवलं.

नववं उत्तर आठवड्यानं आलं. एक लहानसं कॉलेज, नाव आमच्यातल्या कुणी ऐकलेलं नाही. अर्जसुद्धा फी माफ होती म्हणून केलेला. प्रवेश, आणि पूर्ण स्कॉलरशिप. गार्गी ते पत्र घेऊन धावत जिना चढून आली, मागे जोशी, खाली दर्शिनीतले चार लोक कोण पळतंय ते बघायला. पत्राच्या तळाशी कुणीतरी हातानं इंग्रजीत एक ओळ लिहिली होती. गार्गीनं ती वाचून दाखवली: चहा अजून साडेतीनलाच येतो ना?

जोशी खुर्चीत बसले आणि रुमालानं चष्मा पुसत राहिले. प्रशांत सर केबिनमधून बाहेर येऊन टाळ्या वाजवायला लागले, तेही मनापासून. अक्कांनी माझ्याकडून फोन घेतला आणि पीण्याला लावला.

"मंजुळा, चहा किती वाजता येतो ग?" स्पीकर चालूच होता.

पलीकडे लेथचा आवाज. "सव्वाचारला, मिस."

"साडेतीनला येत होता ना?"

"गार्गी होती तोपर्यंत. मग हळूहळू... तो कँटीनवाला ऐकत नाही, मिस. झोपतो दुपारी."

गार्गीचा चेहरा उतरला. अक्कांनी फोन माझ्या हातात दिला आणि पिशवी खांद्याला लावली.

"अक्का, कुठं निघालात?" सरांनी विचारलं.

"पीण्याला. तिकडं वाचणारा विचारतोय. पोरीनं खोटं लिहिलं असं व्हायला नको."

"आत्ता? अहो, दीड तास लागेल!"

"मग साडेतीनपर्यंत पोचते की."

दारापाशी त्या थबकल्या, परत आल्या. भांड्यावरचं सर्टिफिकेट उचललं, बेसिनपाशी जाऊन साबणानं धुतलं, पदरानं कोरडं केलं आणि माझ्या टेबलावर ठेवलं. "अर्णवला पाठव. पत्ता आहे तुझ्याकडं. त्याचं आहे ते, कसं का असेना."

मी गॅलरीत उभा राहिलो. खाली अक्का एका हातात ताकाचं भांडं धरून रिक्षावाल्याशी कानडीत भांडत होत्या. तो पीण्या म्हटल्यावर मान हलवत होता, आणि त्या त्याला बहुधा गरम लोखंड कसं फुगतं ते समजावत होत्या, कारण हाताची दोन बोटं लांब करून पुन्हा जवळ आणत होत्या. शेवटी तो हसला. अक्का आत बसल्या. भांडं मांडीवर घेतलं, आणि झाकण नव्हतं म्हणून वर तळहात ठेवला.

त्या पुन्हा ऑफिसात आल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी फोन आला, "पुण्याला सांग, मी इथं मंजुळाकडंच थांबते. इथं काम आहे, आणि चहा वेळेवर मिळतो."